एका गाठीचं जाळं

शाळेत जायच्या आधी मी पत्रकं वाचायला शिकले. घरात पुस्तकं बेताचीच होती, पण पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे, सगळीकडे असत. पिवळा, गुलाबी, पोपटी कागद. माझ्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच. बाबा मुंबईतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवता जुळवता ते युनियनसाठी लिहू लागले, आणि छापखाना बंद पडून आम्ही विरारजवळ बोळिंजला राहायला आलो तरी लिहीतच राहिले. मोठी झाल्यावर मीही त्यांच्या जोडीला बसले. माझ्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह होतं. त्यांनी सगळी खोडली. म्हणाले, "उत्तर सापडलं नाही की माणूस हे चिन्ह टाकतो."

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वसई पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी कारखान्यांचे गाळे वाढत चालले होते, आणि त्या गाळ्यांतली माणसं रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत येऊन बसत. प्रश्न बहुतेक तेच. तीन कंपन्या बदलल्या, तर नोकरीची वर्षं एकत्र धरतात का? फंड काढून घेतला तर पेन्शन जाते का? शाळेच्या दाखल्यावर एक जन्मसाल आणि कंपनीत दुसरं, तर वय कुठलं धरणार? नवरा गेला, पण वारस म्हणून अजून सासूच लावलेली आहे, आता कोणाला मिळणार? बाबांचा नियम असा की उत्तर एका श्वासात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर ते उत्तर नव्हे, ते भाषण. या प्रश्नोत्तरांचं आम्ही एक पत्रक केलं होतं, पेन्शन आणि अपंगत्व यांवरचं. ते विरारच्या एका छोट्या प्रेसमध्ये छापायचं आणि गाळ्यांच्या फाटकांवर वाटायचं. माणसं फसतात ती माहिती नसल्यामुळे, माहिती पोचवली की निम्मी लढाई संपली, असं तेव्हा मला अगदी ठाम वाटे.

आमच्या सोसायटीत अर्नाळ्याहून एक मावशी मासे घेऊन यायची. मासळीची भरलेली पाटी एकट्याने उतरवता येत नाही. उतरवायला एक आणि परत डोक्यावर चढवायला एक, असा दुसरा माणूस लागतो. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून तो दुसरा माणूस मी. पाटी उतरताना मावशीची मान एका बाजूला कलायची आणि बराच वेळ तशीच राहायची. डॉक्टरने तिला ओझं उचलू नको म्हणून सांगितलं होतं. ती हे आम्हाला गंमत म्हणून सांगायची. "मंग काय डोक्यावर डॉक्टरला बसवू?"

तिचा नवरा दर्यावर जाणारा नव्हता. त्याच्या घरची होडी भावांमध्ये वाटली गेली तेव्हा तो वसईला कारखान्यात लागला. फंड होता, विमा होता, रविवारची सुट्टी होती. कोळीवाडा त्याला त्यावरून 'साहेब' म्हणायचा. प्लॅस्टिकच्या बादल्या करणाऱ्या मशीनच्या साच्यात त्याचा उजवा हात सापडला, तेव्हा कोणीतरी म्हणे बंदरावर बोललं, साहेबांना मोठी सुट्टी लागली. मावशीने तो माणूस कोण ते मला सांगितलं नाही, पण त्याच्या घरच्या लग्नाला ती गेली नाही एवढं सांगितलं.

पट्टी सुटली, हाडं सळ्या घालून जुळली, आणि एका सकाळी पाटी उतरवल्यावर ती माझ्यासमोर पायरीवर बसली. गॅलरीतल्या रविवारच्या माणसांबद्दल तिला ठाऊक होतं.

"बाय, हाताची पेन्शन किती मिळल ते नको सांगू," ती म्हणाली. "पाटी खाली ठेवता येईल का, तेवढं सांग."

आमच्या पत्रकात असा प्रश्न नव्हता. तरी मला उत्तर माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. काम करताना इजा झाली तर सरकारी विम्याकडून कायमची पेन्शन मिळते, ती जन्मभर. किती, ते टक्क्यांवर. बोट तुटून पडलं असेल तर कुठल्या बोटाला किती टक्के हे कायद्यातच छापलेलं आहे. पण मावशीच्या नवऱ्याची, काकांची, पाचही बोटं जागेवर होती. ती वळत नव्हती, मुठीत काही राहत नव्हतं, चटका बसला तरी कळत नव्हतं. अशा हाताचे टक्के छापलेले नसतात. मेडिकल बोर्डापुढे जायचं, डॉक्टर बघणार, विचारणार आणि ठरवणार. टक्के नीट मिळाले तर पाटी खाली. नाहीतर तिची मान आणि तिचं नशीब.

म्हणून आम्ही तालीम केली. पुढच्या रविवारी ती काकांना घेऊन आली. उंच, हडकुळा माणूस, पांढरा शर्ट, उजवा हात खिशात. मी बोर्डाचे संभाव्य प्रश्न काढून ठेवले होते. मावशी डॉक्टर झाली.

"शर्टाची बटनं लावता येतात?"

"नाय येत."

"मंग आज कोनी लावली?"

"तूच लावलीस ना. तीपन एक वर एक खाली."

बाबा आत हसले. मी हसले नाही. मला वेळ घालवायचा नव्हता. पाण्याचा तांब्या उचलता येतो का? नाही. जेवता येतं का उजव्या हाताने? नाही. बसमध्ये दांडी धरता येते का? नाही. काका शाळकरी मुलासारखे एकेक उत्तर म्हणत गेले, आणि प्रत्येक 'नाही'बरोबर त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी मी विचारलं, जाळं विणता येतं का? ते माझ्याकडे बघत राहिले. मावशी म्हणाली, "सांग ना, नाय येत म्हून." त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मी त्या दिवशी बघितलं नाही.

बोर्ड मुंबईत होतं. आत फक्त जखमी माणसाला घेत. मावशी आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. काका आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, जिंकलो. त्यांची पाठ ताठ होती. विरारला एसटी पकडेपर्यंत मी त्यांना काही विचारलं नाही. खिडकीपाशी बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं.

"चांगला मानूस होता डॉक्टर. मला म्हनला, काका, काय काय करता येतं?"

मावशी त्यांच्याकडे वळली.

"मी म्हनलं, थांबा, दाखवतो. खिशात दोरा होता, सुई होती. गाठ मारून दाखवली."

बस आगाशीच्या वाटेला लागली होती. मला बोळिंज नाक्यावर उतरायचं होतं, नाका मागे गेला आणि मी बसूनच राहिले. कोणीतरी थोबाडीत मारावी आणि मारणारा हसत असावा, तसं वाटत होतं. मी विचारलं, काका, तुम्हाला कळलं नव्हतं का, कशासाठी बोलावलंय ते? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच खुळी आहे.

"कळलं होतं, पोरी. टक्के जातील ते पन कळलं होतं. पन वरीस झालं, सगळे विचारतात काय होत नाय. तू पन तेच विचारलंस. त्यानं विचारलं, काय होतं."

अर्नाळा आला तेव्हा मावशी उतरली आणि मागे न बघता चालू लागली. उलट्या बसने मी परत आले आणि बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्याकडे एका श्वासाचं उत्तर नाही असं मी पहिल्यांदा बघितलं.

गाठीची हकीकत मला मग मावशीकडूनच कळली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोळीवाड्यातले पुरुष होड्यांच्या सावलीत जाळी दुरुस्त करत बसतात. कारखान्यात जाणारासुद्धा सुट्टीच्या दिवशी भावाच्या जाळ्यापाशी बसतो. जो तिथे बसत नाही त्याला म्हाताऱ्यांत धरतात. त्याच्याशी बोलतात ते औषधपाण्याचं, मासळीचं नाही. काका हात मोडल्यापासून पहाटे समुद्राकडे जायचे आणि एकटेच बसून विणायची लाकडी सुई उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून, डाव्या हाताने आणि दाताने दोरा ओढून, गाठ मारायला शिकले होते. एक गाठ. ती मारली की त्यांचा हात आखडायचा आणि दुपारपर्यंत सरळ व्हायचा नाही. हे बोर्डाने बघितलं नाही. बोर्डाने गाठ बघितली.

निर्णय आला तो तसाच. जाळ्याची गाठ रुग्णाने स्वतः मारून दाखवली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि टक्के इतके कमी की मावशीने कागद माझ्या हातात परत दिला आणि पाटी चढवायला सांगितली. मी चढवली. तिच्या मानेतून बारीक आवाज आला. तो मला ऐकू आला हे तिला कळलं.

"वर कुठं जाता येतं का, बाय?"

जाता येत होतं. मुदतीत अपील करायचं, आणि तिथे बरोबर प्रतिनिधी नेता येतो. बाबांना मलेरियाने घेरलं होतं, म्हणून मी जायचं ठरलं. मी पेटले होते. अपिलाचा मसुदा तीनदा लिहिला. कायद्याची कलमं टाकली. एका गाठीवरून माणसाच्या हाताची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेविषयी मी जे लिहिलं ते आजही मला खोडावंसं वाटत नाही, बाबांनी मात्र त्यातलं बरंच खोडलं. काकांशी मी बोलले. म्हटलं, खोटं काही बोलू नका, फक्त दाखवायला जाऊ नका. ते बरं म्हणाले. मावशी तेव्हा दारात मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

अपिलाच्या दिवशी तिच्या खांद्याला नायलॉनची मोठी पिशवी होती. मला वाटलं, डबा असेल.

लांब टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधल्या वयस्कर डॉक्टरांनी जुना कागद वाचला आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं की जाळं विणू शकणाऱ्या हाताबद्दल आता आमचं नवं म्हणणं काय आहे. मी उभी राहिले. माझं पहिलं वाक्य पाठ होतं. ते अर्धं झालं असेल तोच दार उघडलं आणि मावशी आत आली. शिपाई तिच्या मागे होता, तो म्हणत होता बाहेर थांबा, आणि ती थांबत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी त्याची एक गाठ बघितलीत. आमच्यात एका गाठीचं जाळं नसतं."

तिने पिशवी टेबलावर उलटी केली. जाळं होतं. मधोमध सुपाएवढं फाटलेलं. त्या सरकारी टेबलावरून, फायलींवरून ते पसरलं आणि खोलीत सुकलेल्या मासळीचा वास भरला. तिने सुई आणि दोरा काकांसमोर ठेवला.

"हे पुरं करू द्या त्याला. मंग काय ते लिवा."

डॉक्टर नाही म्हणतील असं मला वाटलं. ते खुर्चीत मागे रेलले. काका मात्र उजळले होते, हे मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटलं, बायको आपल्या बाजूने आली. त्यांनी खुर्ची ओढली, जाळ्याची फाटलेली कड शोधली, सुई अंगठ्याच्या बेचक्यात बसवली आणि पहिली गाठ मारली. चांगली मारली. डावीकडच्या डॉक्टरांनी मान डोलावली. काकांनी दुसरी घेतली. दोरा दाताने ओढताना त्यांच्या कपाळावर घाम आला. गाठ बसली, पण सैल. त्यांनी ती उसवली आणि पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी अंगठा आत वळला. सुई निसटली. त्यांनी डाव्या हाताने उचलून परत बसवली. पुन्हा निसटली. आता हात कोपरापासून थरथरत होता आणि बोटं पक्ष्याच्या पायासारखी आखडत होती.

मधले डॉक्टर म्हणाले, "पुरे, काका."

"थांबा," मावशी म्हणाली. "अजून फाटलेलं हाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेला उभी होती, मान एका बाजूला कललेली, आणि तिचा चेहरा बाजारात भाव न उतरवणाऱ्या बाईचा होता. काकांनीही तिच्याकडे बघितलं, एकदाच. त्या क्षणी त्यांना कळलं की तिने जाळं का आणलं. ते उठले असते तरी चाललं असतं. ते उठले नाहीत. त्यांनी सुई पुन्हा घेतली आणि पुन्हा प्रयत्न केला, जितका खरा करता येईल तितका खरा. सुई जमिनीवर पडली. शिपाई वाकायला गेला, मावशीने त्याला हाताने अडवलं. काका स्वतः खाली वाकले, डाव्या हाताने चाचपडून सुई शोधली आणि टेबलावर ठेवली. ज्या मी आमच्या गॅलरीत कोणालाही गप्प बसू दिलं नव्हतं, ती मी थांबवा एवढंही म्हणू शकले नाही.

"नाय जमत," काका म्हणाले.

असलंच 'नाही' मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. मला वाटलं होतं, ते बोलले की आपण जिंकू. आम्ही जिंकलोही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, दुसऱ्यांना दाखवलं, आणि जाळं गोळा करायला मावशीला स्वतः मदत केली.

परतीच्या बसमध्ये काका पुढच्या सीटवर एकटे बसले. मावशी माझ्याशेजारी. कंडक्टरने तिकिटं किती विचारल्यावर तिने दोन म्हटलं आणि मग तीन म्हटलं.

टक्के वाढून आले. पेन्शन सुरू झाली. मावशी आमच्या सोसायटीत येईनाशी झाली आणि वरच्या मजल्यांवरच्या बायका मला विचारू लागल्या, मासेवाली आजारी आहे का. मी सांगायचे, नाही, तिने पाटी खाली ठेवली. सांगताना मला विजयी वाटायला हवं होतं.

हंगाम संपत आला तेव्हा, पावसाच्या महिनाभर आधी, मी अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या दांड्यांवर, बोंबील वाळत होते, ओळीच्या ओळी, तोंडात तोंड अडकवलेले. पलीकडे काही होड्या आधीच वर ओढल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत पुरुष जाळी घेऊन बसले होते. त्यांच्यात काका नव्हते. ते वलांडीपाशी बायकांमध्ये होते, डाव्या हाताने वाळलेले बोंबील काढून टोपलीत टाकत, होड्यांकडे पाठ करून. उजवा हात खिशात. त्यांनी मला बघितलं, ओळखलं, मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

मावशी घराच्या ओट्यावर बसली होती. मान बरीच सरळ दिसत होती. मी विचारलं, काका आता तिकडे बसत नाहीत का.

"नाय." ती वलांडीकडे बघत होती. "सगळे बोलतात मशीननं हात नेला. मशीननं नव्हता नेला पुरा. थोडा ठेवला होता. तो मी नेला, त्या टेबलावर."

माझ्याकडे सांत्वनाची वाक्यं होती. व्यवस्था, कायदा, बोर्डाची पद्धत, सगळं मला येत होतं आणि ते खरंही होतं. ज्या कायद्यापुढे माणसाने आपलं उरलेलं दाखवलं की शिक्षा होते आणि मोडलेलं दाखवलं की भाकर मिळते, तो कायदा मला आजही मान्य नाही. मी तसं काहीतरी बोलायला लागले. तिने ऐकून घेतलं.

"पन मी परत तेच करीन," ती म्हणाली. "माझी मान कोन बघत होतं, बाय? बोर्ड नव्हतं बघत. त्यो पन नव्हता बघत."

पाटी उतरवताना रोज ती मान बघणारी मी होते, आणि माझ्याही पत्रकात, प्रश्नोत्तरांच्या दोन्ही बाजूंना, तिच्या मानेबद्दल एक ओळ नव्हती. बायकांच्या डोक्यावरच्या पाटीला कुठला विमा नसतो. फंड नसतो. तिचे टक्के ठरवायला कोणी टेबलापलीकडे बसत नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही पत्रकाची नवी आवृत्ती काढली. बोर्डापुढे काय बोलावं, या प्रश्नाचं उत्तर मी बदललं. काय होत नाही ते सांगा. काय होतं तेही सांगा, पण ते किती वेळ होतं आणि त्यानंतर हाताचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय बाहेर येऊ नका. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. एका श्वासात बसलं. शेवटी मी आणखी एक प्रश्न घातला होता: घरात ज्याला ओझं उचलावं लागतं, पण जो कुठल्याच कंपनीत नाही, त्याला काय मिळतं? त्याखाली मी मोठा मजकूर लिहिला होता, रागाचा. बाबांनी पेन घेतलं आणि तो सगळा मजकूर खोडून त्या जागी दोनच शब्द लिहिले: काही नाही.

मग त्यांनी त्याच्यापुढे उद्गारचिन्ह टाकलं, आणि कागद प्रेसला देण्यासाठी माझ्याकडे दिला.